७५ वॉटचा पंखा २८ वॉटवर कसा आला, आणि तो घेताना-लावताना काय बघायचं

नवा पंखा घ्यायच्या आधी जुना पंखा किती वीज खातो ते घरच्या मीटरवर मोजून घ्या. वेगळं यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा शेजारीच छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर १६००. घरातलं सगळं बंद करा: फ्रिज, राउटर, टीव्हीचा प्लग आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी चार्ज होत असेल तर सगळा हिशेब चुकतो. आता फक्त एक पंखा फुल स्पीडवर सुरू ठेवा आणि दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० च्या मीटरवर २२५० ला. येतात ते वॉट.

१५ सेकंद आले तर पंखा ७५ वॉटचा. ४० सेकंद आले तर २८ वॉटचा. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, दहा मोजून सरासरी काढा.

हे १५ चे ४० सेकंद नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्यांत कसे झाले, हे कळलं की पंखा निवडणं, बसवणं आणि बिघडला तर तपासणं या तिन्ही गोष्टी सोप्या होतात. कारण ग्राहकाला पंखा सोपा आणि स्वस्त मिळावा म्हणून कंपन्यांनी सगळी गुंतागुंत एका जागी गोळा केली आहे, आतल्या सर्किट बोर्डवर, म्हणजे कार्डावर. पंखा चांगला की वाईट ते तिथेच ठरतं आणि बिघडतोही तिथेच.

पन्नास वॉट जात कुठे होते

नेहमीच्या छतपंख्यात सिंगल फेज इंडक्शन मोटर असते. मधला वाइंडिंगचा भाग स्थिर, बाहेरचं कवच फिरतं आणि पाती त्या कवचाला लावलेली. जोडीला अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर, म्हणजे कॅपॅसिटर. मोटर दणकट, बनवायला सोपी, गावातल्या कुठल्याही वाइंडिंगवाल्याला दुरुस्त करता येणारी. दोष एकच, तिच्यात स्वतःचं चुंबक नाही. फिरत्या भागात चुंबकत्व उभं करायलाच वीज खर्ची पडते. १४ ध्रुवांच्या मोटरमध्ये ५० हर्ट्झला चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ४२८ फेरे घेतं, पंखा मात्र ३६० च्या आसपास रेंगाळतो. हा साधारण १६ टक्क्यांचा फरक म्हणजे फिरत्या भागापर्यंत पोचलेल्या ऊर्जेचा तेवढा हिस्सा तिथेच उष्णता होऊन जातो. वाइंडिंगमधलं आणि पत्र्यांमधलं तापणं वेगळंच.

४८ इंची म्हणजे १२०० मिमीच्या पात्यांना हवा ढकलायला प्रत्यक्षात वीस-बावीस वॉट पुरतात. बाकीचे पन्नास वॉट मोटर तापवतात. तासभर चाललेला जुना पंखा बंद करून त्याच्या पोटाला हात लावलात तर ते पन्नास वॉट हाताला लागतील.

बीएलडीसी मोटरमध्ये बाहेरच्या कवचाला आतून कायमची चुंबकं चिकटवलेली असतात. चुंबकत्व आयतं मिळतं. आतल्या तीन वाइंडिंगांना सर्किट आळीपाळीने प्रवाह देतं आणि चुंबकं त्याच्यामागे ओढली जातात.

स्वस्त कसं केलं

तंत्रज्ञान नवं नव्हतं. कॉम्प्युटरमधले छोटे पंखे आणि हार्ड डिस्क वर्षानुवर्षं याच जातीच्या मोटरवर चालत आल्या आहेत. अडचण होती किमतीची. भारतात हा पंखा घराघरात नेणाऱ्यांमध्ये अ‍ॅटमबर्गचं नाव आधी घ्यावं लागतं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ही कंपनी काढली आणि फुल स्पीडला २८ वॉट घेणारा रिमोटचा पंखा बाजारात रुजवला. आता जवळजवळ प्रत्येक पंखाकंपनीकडे असा पंखा आहे. काटकसरीच्या युक्त्या सगळ्यांच्या थोड्याफार त्याच.

पहिली युक्ती चुंबकाची. निओडिमियमचं चुंबक जोरदार पण महाग. फेराइटचं, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियमपासून बनलेलं काळं चुंबक, त्याच्या साधारण एक तृतीयांश ताकदीचं पण अगदी स्वस्त. स्पीकरच्या मागे असतं तेच. ड्रोनच्या मोटरमध्ये ते चालणार नाही, तिथे जागा आणि वजन दोन्ही तोलून-मापून वापरायचं असतं. छतपंख्याचं तसं नाही. मोटरचा घेर मोठा, जागा भरपूर, वेग कमी. घेर मोठा असला की कमी ताकदीच्या ओढीलाही पुरेसा पीळ मिळतो, लांब दांड्याचा पाना लावल्यासारखा. त्यामुळे फेराइट लावून काम भागतं. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार निर्णय हाच, कारण त्यात गुणवत्तेशी तडजोड नाही. गरज नसलेला खर्च तेवढा गाळला.

दुसरी युक्ती सेन्सर गाळण्याची. चुंबक नेमकं कुठे आहे हे सर्किटला कळल्याशिवाय योग्य वाइंडिंगला योग्य वेळी प्रवाह देता येत नाही. सुरुवातीला त्यासाठी चुंबक ओळखणारे तीन हॉल सेन्सर लावत. ते, त्यांच्या वायरी आणि त्यांचं नेमक्या जागी बसवणं, सगळाच खर्च. आता मोटर फिरताना वाइंडिंगमध्ये जो उलट दाब (व्होल्टेज) तयार होतो तोच मोजून सॉफ्टवेअर चुंबकाची जागा ओळखतं. मोटर थांबलेली असताना मात्र हा दाब शून्य, म्हणजे सर्किट आंधळं. म्हणून सुरू करताना ते आधी एका जागी प्रवाह देऊन पाती तिथे ओढतं आणि मग अंदाजाने हळूहळू वेग वाढवतं. बीएलडीसी पंखा सुरू होताना क्षणभर किंचित मागे सरकतो किंवा अडखळतो ते यामुळेच. तो बिघाड नाही.

तिसरी गोष्ट, आहे तोच माल वापरणं. रिमोटचा किरण ३८ किलोहर्ट्झवर चालतो, टीव्हीचा रिसीव्हर तोच. वीजपुरवठ्याचे भाग मोबाइल चार्जर आणि एलईडी ड्रायव्हरसाठी लाखांनी बनतात तेच. पाती, दांडी, कॅनोपी (दांडीवरची वाटी), हुक जुन्या पंख्यासारखेच, म्हणजे साचे नवे नकोत आणि पुरवठादारही जुनेच. तांबंही कमी लागतं, कारण वाइंडिंग एकेका दातावर थेट गुंडाळलेलं असतं आणि मशीन ते पटापट करतं.

आणि संख्या. एलईडी बल्बच्या बाबतीत हे डोळ्यांदेखत घडलं. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, कारण मागणी एकत्र करून एकदम प्रचंड ऑर्डर दिली गेली. पंख्यांच्या बाबतीत धक्का नियमाने दिला. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. तेव्हाच्या नियमात १२०० मिमीच्या पंख्याला एक स्टार मिळवायलाही वॉटमागे मिनिटाला किमान ४ घनमीटर हवा द्यावी लागे. २१० घनमीटर हवा देणारा ७५ वॉटचा पंखा फक्त २.८ वर येतो, त्यामुळे तो नव्याने विकताच येईना. पाच स्टारसाठी ६ लागत. २८ वॉटमध्ये २२० घनमीटर देणारा पंखा ७.९ वर पोचतो.

सोपं कसं केलं

जुन्या घरात छतापर्यंत दोनच वायरी गेलेल्या असतात. नव्या पंख्याला वेगासाठी तिसरी वायर लागली असती तर भिंत फोडावी लागली असती आणि पंखा विकलाच गेला नसता. म्हणून वेगाचा हुकूम वायरीतून न देता रिमोटने दिला. पाच पायऱ्या ठेवल्या, कारण रेग्युलेटरची सवय पाचाचीच. रिमोट हरवला तर भिंतीवरचं बटण झटपट बंद-चालू करून वेग बदलता येईल अशी सोय अनेकांनी दिली. आजी-आजोबा ज्या खोलीत झोपतात तिथला पंखा घेताना ही सोय आहे का हे नक्की विचारा. रात्री रिमोट गादीखाली सापडत नाही.

आतमध्ये मात्र सोपं काहीच नाही. २३० व्होल्ट एसी आत येतो, फ्यूज आणि व्हॅरिस्टर (विजेचा झटका स्वतःवर घेणारी चकती) ओलांडतो, फिल्टरमधून जातो, ब्रिज रेक्टिफायर त्याचा सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो. मोठा कॅपॅसिटर तो साठवतो. पुढे अनेक पंख्यांत तो २४ किंवा ४८ व्होल्टवर उतरवला जातो, काहींत थेट वरचाच वापरतात. मग सहा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याचे तीन फेज करून वाइंडिंगना देतात. या सगळ्याचा कारभार बघायला एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटी संगणक-चिप.

दुकानात काय बघायचं

स्टारपेक्षा लेबलवरचे दोन आकडे वाचा: हवा किती आणि वॉट किती. वॉट कमी दिसावेत म्हणून वेगच कमी ठेवलेला पंखा असू शकतो. वेग थोडा घटवला तरी वीज झपाट्याने घटते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. ७० टक्के वेगाला पात्यांना साधारण एक तृतीयांशच शक्ती पुरते. म्हणून १२०० मिमीच्या पंख्यात २१० घनमीटरपेक्षा कमी हवा असेल तर वॉटचा आकडा कितीही लहान असला तरी एप्रिल-मे मध्ये पस्तावाल.

मग दुकानदाराला सांगून ही चाचणी करा. पंखा फुल स्पीडला आणा, बटण बंद करा आणि पाती फिरत असतानाच परत चालू करा. चांगलं सॉफ्टवेअर फिरती पाती ओळखतं आणि तिथूनच वेग पकडतं, किंवा पाती शांतपणे थांबवून नव्याने सुरुवात करतं. कच्चं सॉफ्टवेअर धक्के देतं, खडखडतं, दोन-तीनदा प्रयत्न करून बसतं. आपल्याकडे वीज क्षणभर जाऊन परत येण्याचे प्रकार रोजचे, त्यामुळे ही चाचणी फार मोलाची.

पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या प्रवाहातला किती भाग खरोखर कामी येतो तो आकडा, विचारा, ०.९ च्या वर हवा. घरगुती बिलात त्याने फरक पडत नाही, पण ०.५ असेल तर त्याच वॉटसाठी जवळपास दुप्पट प्रवाह ओढला जातो आणि इन्व्हर्टरची क्षमता फुकट अडकते.

छोटा मध्यम लहरींचा रेडिओ मिळाला तर आकाशवाणी लावून पंख्याजवळ न्या. जोरदार खरखर आली तर फिल्टरचे भाग गाळले आहेत असं समजा. जे दिसत नाही ते गाळणारी कंपनी एवढ्यावर थांबत नाही.

सर्वांत घातक काटकसर असते मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, आणि ती बाहेरून दिसत नाही. त्यावर ८५ किंवा १०५ अंश असा आकडा छापलेला असतो. समजा दोन्हींचं आयुष्य त्या-त्या तापमानाला २,००० तास आहे. प्रत्यक्ष तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. पंख्याच्या आत कॅपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर १०५ चा ३२,००० तास टिकतो, ८५ चा ८,००० तास. वर्षाला ४,५०० तास पंखा चालत असेल तर पहिला सात वर्षं, दुसरा दोन वर्षांच्या आत आटोपतो. नेमकी वॉरंटी संपली की पंखे बंद पडतात ही लोकांची तक्रार अनेकदा इथे येऊन पोचते. दुकानात कार्ड उघडून बघता येत नाही, पण वॉरंटी किती वर्षांची, ती कार्डाला लागू आहे का आणि सुटं कार्ड मिळतं का, कितीला, हे तीन प्रश्न विचारता येतात. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जा.

कोकणात, गोव्यात किंवा समुद्राजवळ कुठेही राहत असाल तर कार्डावर लॅकरचं कोटिंग आहे का हे विचारा. खारी दमट हवा उघड्या कार्डाचे पाय हिरवे करते आणि पावसाळ्यात मुंग्या व पालींची पिल्लं उबेला आत शिरतात. कोटिंग असेल तर कार्ड यातून तरतं.

पैशाचं गणित

७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा लावला तर ४५ वॉट वाचतात. रोज १५ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४,५०० तास, म्हणजे २०२ युनिट. तुमचा खरा दर काढायला बिलाची पूर्ण रक्कम युनिटने भागा. सगळे आकार त्यात येऊ द्या. युनिटला १० रुपये पडत असतील तर वर्षाला २,००० रुपये.

पण नवाच पंखा घ्यायचा असेल तर तुलना ७५ शी करू नका. एक स्टारचा साधा पंखा ५२ वॉटच्या आसपास असतो. फरक २२ वॉटचा, वर्षाला ९९ युनिट. जाहिरातीतला परतफेडीचा काळ दुप्पट होतो तो इथे. आमचं स्पष्ट मत: दिवसाला आठ-दहा तासांपेक्षा जास्त चालणाऱ्या पंख्यांसाठी बीएलडीसी घ्यावा, म्हणजे हॉल, झोपायची खोली, दुकान. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा चालतोय तर चालू द्या.

जिथे भारनियमन आहे तिथे मात्र हे गणितच वेगळं. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून, बॅटरीचा राखीव भाग आणि इन्व्हर्टरचा तोटा वगळून, हजारेक वॉट-तास हाती येतात. इन्व्हर्टर स्वतः २० वॉट खातो असं धरलं तर ७५ वॉटचे तीन पंखे जेमतेम चार-साडेचार तास चालतात. २८ वॉटचे तीन साडेनऊ-दहा तास, म्हणजे पूर्ण रात्र. शिवाय संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की दाब १८० व्होल्टवर येतो. इंडक्शन मोटरचा पीळ दाबाच्या वर्गाने घटतो, त्यामुळे तो ६१ टक्क्यांवर येतो आणि पंखा रडत फिरतो. बीएलडीसीचा वेग सर्किट ठरवतं, म्हणून दाब पडला तरी तो तसाच राहतो. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जुने पंखे घूं घूं करतात, तेही यात नाही.

जोडणी

१. मेन स्विच किंवा त्या सर्किटचा एमसीबी पाडा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून काम सुरू करू नका. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर टाकलेलं असतं आणि वर फेज जिवंत राहतो. टेस्टरने दोन्ही वायरी तपासा.

२. रेग्युलेटर काढून टाका. सगळ्यात जास्त पंखे या एका चुकीने मरतात. बटणाकडून आलेली आणि पंख्याकडे गेलेली अशा रेग्युलेटरच्या दोन वायरी कनेक्टरने एकमेकींना जोडा आणि जागेवर ब्लँक प्लेट बसवा. ‘पाचावर ठेवला की चालतं’ असं वायरमन म्हणतो. कॅपॅसिटरच्या स्टेप रेग्युलेटरमध्ये पाचव्या पायरीवर सहसा थेट जोडणी असते हे खरं. गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये मात्र ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच सर्किटमध्ये राहतोच आणि एसीची लाट कापून देतो. आतला वीजपुरवठा त्या तुटक्या लाटेने तापतो, दर लाटेला प्रवाहाचे झटके खातो आणि काही महिन्यांत जातो. आणि पाचावर ठेवलेला खटका कधीतरी कोणीतरी फिरवतंच.

३. हुक हलवून बघा. स्लॅबमधला हुक गंजून बारीक झाला असेल तर नवा पंखा त्यावर टांगू नका. शॅकलचा (दांडी हुकाला अडकवणाऱ्या कडीचा) रबर, बोल्ट, नट आणि त्यातली स्प्लिट पिन, सगळं लावा. पिनेची दोन्ही टोकं उलगडून वाकवा. सोबत सेफ्टी वायर आली असेल तर ती हुकाला वेगळी अडकवा, शॅकलला नको.

४. पात्यांपासून छत किमान ३० सेमी दूर ठेवा. त्याहून जवळ असेल तर वरून हवा ओढली जात नाही आणि लेबलवरची हवा मिळत नाही. जमिनीपासून पाती किमान २.४ मीटर उंच हवीत. उंच छताला लांब दांडी घ्या.

५. फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची वायर जोडा. जुन्या पंख्याला अर्थिंग नसतं म्हणून हिरवी वायर कापून टाकायची सवय आहे, ती इथे नको. फिल्टरमधले कॅपॅसिटर धातूच्या अंगावर बारीकसा प्रवाह सोडतात. अर्थिंग नसेल तर पुसताना हाताला झिणझिण्या येतात.

६. खोक्यात आलेलीच तीन पाती लावा. ती वजनाने जुळवलेली असतात. जुन्या पंख्याची पाती लावली तर सर्किटचा प्रवाहाचा हिशेब चुकतो आणि वेग मिळत नाही. स्क्रू आधी सगळे हाताने बसवा, मग एकेक आवळा. शेवटी पट्टीने प्रत्येक पात्याच्या टोकापासून छताचं अंतर मोजा. एक पातं वेगळं निघालं तर त्याचे स्क्रू सैल करून परत बसवा. पंखा डुलण्याचं कारण बहुधा हेच असतं.

एका खोलीत दोन सारखे पंखे असतील तर एकाच रिमोटने दोन्ही हलतात. जोडी जुळवायची सोय असेल तर एका वेळी एकाच पंख्याचा वीजपुरवठा चालू ठेवून पुस्तिकेप्रमाणे जुळवा. रिमोटने बंद केलेला पंखाही रिसीव्हर जागा ठेवायला थोडी वीज घेत राहतो. चांगल्या पंख्यात ती एक वॉटच्या आत असते. गावाला जाताना भिंतीवरचं बटण बंद करा.

बिघडला तर

रिमोटला दाद देत नसेल तर आधी रिमोट तपासा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट चांगला, बिघाड रिसीव्हरमध्ये. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा गाळणी असते, म्हणून पुढचा. ठिपका दिसलाच नाही तर सेल बदला.

पाती पुढे-मागे थरथरतात आणि सुरू होत नाहीत, ही सर्वांत नेहमीची तक्रार. तीनपैकी एक फेज तुटलेला असतो. वीज पूर्ण बंद करून पाती हाताने फिरवा. फेराइट चुंबकामुळे हलके टप्पे जाणवतात, ते नेहमीचं. पण ब्रेक लावलेल्या गाडीसारखी घट्ट, जड ओढ लागली तर कार्डावरचा मॉस्फेट शॉर्ट झाला आहे. शॉर्ट झालेलं वाइंडिंग स्वतःच ब्रेक लावतं. कार्डाकडून मोटरकडे जाणारा तीन वायरींचा कनेक्टर काढून परत फिरवा. आता मोकळं फिरलं तर मोटर ठणठणीत, कार्ड गेलं. तरीही जड असेल तर बिघाड वाइंडिंगमध्ये किंवा बेअरिंगमध्ये.

कनेक्टर काढलाच आहे तर मल्टिमीटरने तीन वायरींच्या तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक जोडी वेगळी आली किंवा एखादी वायर अंगाशी जोडलेली दिसली तर वाइंडिंग गेलं. तिन्ही सारखे असतील तर कनेक्टरच्या पिना बघा. कंपनाने सैल झालेली किंवा काळी पडलेली एक पिन एवढंच कारण अनेकदा निघतं, आणि लोक आख्खं कार्ड बदलून बसतात.

हे सगळं करताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही ३२५ व्होल्ट शिल्लक असू शकतो. पाच मिनिटं थांबा, मीटरने मोजा, मगच बोट घाला. मीटर वापरायची सवय नसेल तर पाती फिरवून बघण्यापर्यंतच थांबा आणि पुढचं जाणकाराकडे सोपवा.

पंखा गप्प, आणि कॅनोपीतून बारीक टिक-टिक येतेय? वीजपुरवठा सुरू व्हायचा प्रयत्न करून मागे फिरतोय. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा त्याचा छोटा कॅपॅसिटर सुकला आहे. हा छोटा कॅपॅसिटर अगदी स्वस्त असतो, आणि कार्ड दुरुस्त करणारे कारागीर आता तालुक्याच्या गावीही भेटतात.

काही मिनिटं चालून थांबतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, तर ते तापण्याचं संरक्षण. बेअरिंग जड झालं आहे का बघा, आणि कॅनोपी कागद-कापड कोंबून बंद केलेली नाही ना तेही.

विजांच्या कडकडाटानंतर किंवा लाइनमन काम करून गेल्यावर एकदम बंद पडला तर पहिला संशय फ्यूज आणि व्हॅरिस्टरवर. व्हॅरिस्टर म्हणजे निळी किंवा पिवळी बटणासारखी चकती. ती फुटलेली, काळी पडलेली दिसेल. वळवाच्या विजेचा क्षणाचा झटका ती स्वतःवर घेते. पण न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टच्या जवळ दाब आला आणि तो मिनिटभर टिकला, तर चकती जळते आणि फ्यूज उडतो. त्यापुढचं कार्ड बहुतेक वाचलेलं असतं. दोन्ही बदला, फ्यूज त्याच आकड्याचा घाला, तार गुंडाळून नको. पुन्हा वीज देताना फेजमध्ये ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब मालिकेत लावा. क्षणभर चमकून मंदावला तर पुढचं सर्किट ठीक आहे, बल्ब काढून थेट जोडा. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर पुढे शॉर्ट आहे, तिथेच थांबा.